पालथ्या वाटीचं पेटंट

आई, तुझी ती फळीवरच्या वाट्यांची पद्धत आता अमेरिकेतल्या एका कंपनीच्या मालकीची आहे. तू आधी हसशील, मग म्हणशील, "मग भांडी घासायलाही त्यांनाच बोलवा." मला मात्र या वेळी हसू येत नाही. मी पुरती अडकले आहे, आणि हे सांगावं असं माणूस तू एकटीच होतीस.

बिबवेवाडीतली आपली मेस. बाहेरच्या खोलीत दोन लांब बाकं, आत तू आणि तुझा स्टोव्ह, दाराशेजारी फळी, आणि फळीवर प्रत्येक पोराची नाव घातलेली वाटी. दुपारचं जेवण झालं की ज्याने त्याने आपली वाटी धुऊन, पुसून तिथे ठेवायची. रात्री येणार असेल तर उताणी, नसेल तर पालथी. सुरुवातीला पोरं जाता जाता ओरडायची, "काकू, मी आहे हो रात्री!" तू वैतागायचीस. "येणाऱ्याने काय सांगायचं? न येणाऱ्याने सांगा." संध्याकाळी तू फळीवर एक नजर टाकायचीस आणि कणीक भिजवायला घ्यायचीस. तुझा अंदाज कधी चुकायचा नाही.

चुकला तो माझ्यामुळे. मी शाळेतून येऊन शहाणपणाने फळी पुसली, आणि धुतलेलं भांडं पालथं घालायचं या सवयीने सगळ्या वाट्या पालथ्या घातल्या. तू बाजारातून आलीस, फळी पाहिलीस, पोरांना सुट्टी लागली असं समजून आपल्या दोघींपुरती खिचडी टाकलीस, आणि जेवणाच्या वेळी अख्खी फौज दारात उभी! तू लगेच पिठलं आणि भात टाकलास. सगळे जेवून गेल्यावर मला म्हणालीस, "ती वाटी त्या पोराचा शब्द असते. तू कोण त्याचा शब्द फिरवणारी?" मी रडायला लागले तेव्हा म्हणालीस, "माझंही चुकलंच. सगळ्याच पालथ्या दिसल्या तर आधी कुणाला तरी विचारायला हवं होतं." तेव्हापासून तू तसंच करायचीस.

पुढे पुण्यात सॉफ्टवेअरच्या कंपन्यांचं पेव फुटलं, आणि मीही एकीत चिकटले. पहिलंच मोठं काम आलं ते अमेरिकेतल्या हॉस्पिटलांच्या स्वयंपाकघरांचं. मी लिहिलेला प्रोग्रॅम असा होता: पेशंटचं जेवण रोज आपोआप लागेल, नको असेल तेव्हाच कळवायचं, आणि सगळा वॉर्ड एकदम "नको" म्हणाला तर मशीनने विश्वास ठेवायचा नाही, माणसाला विचारायचं. साहेब खूश झाले, म्हणाले, याचं पेटंट घेऊ. वकिलांनी विचारलं, आधी कुठे पाहिलंत का हे? मी तुझ्या फळीचं सांगितलं. ते हसले. "मॅडम, वाट्यांचं राहू द्या. कॉम्प्युटरवर पाहिलंत का?" कॉम्प्युटरवर कुठेच नव्हतं, मी तसं सांगून सही केली. कंपनीने मला लाकडी ढाल दिली, वर पितळी पत्र्यावर माझं नाव. मी ती मिरवत तुझ्याकडे आणली. तू सगळं ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "म्हणजे आता वाटी पालथी घालायची तर तुझ्या साहेबांना विचारायचं का?" मग स्वतःच खिळा ठोकून ती ढाल फळीच्या वर लावलीस. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होतीस, हे मला नंतर शेजारणीकडून कळलं.

तू गेलीस. ती कंपनी विकली गेली, पेटंट या हातातून त्या हातात गेलं. आता ज्यांच्याकडे आहे ते काहीच बनवत नाहीत. दुसऱ्याने बांधलेल्या रस्त्यावर दोरी धरून बसायचं आणि येईल त्याला अडवायचं, एवढाच धंदा. आपल्याकडे नुसत्या प्रोग्रॅमला पेटंट मिळत नाही, पण आमची गिऱ्हाइकं तिकडची. हो, आमची. तुझ्या मेसमधला तो चंद्रपूरकडचा पोरगा आठवतो, भाताला नाकं मुरडणारा? त्याच्याबरोबर मी छोटी कंपनी काढली आहे, आणि तिथे हेच सॉफ्टवेअर आम्ही नव्याने लिहिलं. नोटीस आली. माझ्याच नावाच्या पेटंटवरून, मलाच.

खटला लढायचा तर कंपनी विकावी लागेल. मी कोर्टात "यात नवं काही नव्हतं" म्हणायला जावं, तर आमचेच वकील म्हणतात, "तेव्हा नवं म्हणून सही कुणी केली?" एकच वाट उघडी ठेवली आहे त्या पेटंटवाल्यांनी. मी त्यांच्या बाजूची साक्षीदार व्हायचं, ही कल्पना, विशेषतः ते सगळे "नको" म्हणाले तर माणसाला विचारायचं, माझी मलाच सुचली असं शपथेवर लिहून द्यायचं. मग आम्हाला सोडतील, आणि माझा कागद दाखवून दुसऱ्यांना धरतील. आपल्यासारखेच छोटे लोक असतील ते.

पार्टनरला सांगितलं. तो म्हणाला, "मी तं तिथंच जेवत होतो ना, ताई. त्या दिवशीचं पिठलं मीबी खाल्लं." मी विचारलं, मग काय करायचं? म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं. कंपनीतल्या पोरांच्या घराचे हप्ते चालू हायेत." मला त्याचा राग आला, आणि तो बरोबर बोलला याचा जास्त राग आला.

आई, मी सही करणार आहे. आज दुपारीच. तिथे मी लिहीन की मला सुचलं. मी पुन्हा एकदा दुसऱ्याचा शब्द फिरवणार, या वेळी तुझा, आणि सवयीने नाही. म्हणून खरं ते निदान इथे लिहून ठेवते: ते तुझं होतं, सगळंच. हा कागद कुठे पाठवायचा नाही, पाठवणार तरी कुठे.

वकिलांकडे उशीर होईल, रात्रीचं जेवण घरी नाही. मघाशी ओट्यावर माझी वाटी पालथी घालून ठेवली. ती बघून भात कमी लावणारं घरात कुणी नाही.