पाचवं तोंड

वस्ताद, तुमचं लिहिणं-वाचणं बेताचंच होतं. तेव्हा हे पत्र तुम्ही असताना आलं असतं तरी तुम्ही ते माझ्याकडेच वाचायला दिलं असतं, आणि मी वाचताना त्यातली नेमकी एक ओळ गाळली असती. म्हणून आता लिहितो आहे, तुम्ही गेल्याला तीस वर्षं उलटल्यावर. आता ओळ गाळून कोणाचाच फायदा नाही.

आपली दंडार मंडळी, गावोगाव नाच-गाणी-सोंगं करणारी, चालायची ती मुठीवर. अमरावतीच्या कापसाच्या बाजारात गाडी सुटली की शेतकरी एक मूठ कापूस मंडळीच्या पोत्यात टाकायचा. ते पोतं विकून जी ठेव जमे, ती ज्याचे पाय थकले, गळा बसला, त्याच्या घरी ज्वारी पोचवायला. सोंगांच्या कपड्यांना त्यातली कवडी नाही, हे तुम्हीच ठरवलेलं. ठेवीला हात लावायचा तर पाचही पंचांनी तोंडाने 'हो' म्हणायला हवं, मान हलवलेली चालायची नाही. 'मान तं बैल बी हालवते,' असं तुम्ही म्हणायचे. पंच म्हणजे तुम्ही, ढोलकीवाले बाबा, झांजवाला, बाजारातला एक अडत्या आणि मी. मी तुमचा चेला, दंडारीत राण्यांची सोंगं करायचो आणि रिकाम्या वेळी सगळ्यांच्या नकला. तुमचीही करायचो. आधी दोनदा खाकरायचं, मग 'बरं बाप्पा', मग वाक्याच्या मधेच थांबून श्वास घ्यायचा. एकदा तालमीत तुम्ही मागून येऊन ते ऐकलंत. सगळे हसत होते, तुम्ही नाही. 'सोंग घेतलं तं उतरवून घरी जात जा,' एवढंच म्हणालात. मला वाटलं, म्हातारा जळतो.

मग समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई लागली आणि आपल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. मूठ तेवढीच, पण ठेवीची पेटी भरायला लागली. त्याच साली तुम्ही तापाने गेलात. वर्षश्राद्ध होईपर्यंत गेलेल्या पंचाची जागा भरायची नाही, हा आपला रिवाज. त्यामुळे मारुतीच्या पारावर पंच बसले की तुमची घोंगडी अंथरलेली असे आणि तिच्यावर तुमचं मुंडासं.

अशाच एका दुपारी अडत्या सांगतो आहे की अकोल्याचा एक व्यापारी ठेव घ्यायला तयार आहे. कापसात घालून दिवाळीपर्यंत दुप्पट करून देतो, वर मंडळीला एक जरीचा शालू. शालू म्हटल्यावर माझे कान टवकारले. दहा वर्षं मी एकाच विटक्या लुगड्यात राणी होत होतो. अडत्याचा हो होताच, झांजवाला हो म्हणतो, मी हो म्हणतो. बाबांचे डोळे तोवर गेलेले, बोटं आखडलेली, त्यांच्या घरची ज्वारी याच ठेवीतून जायची. ते मान वर न करता म्हणतात, 'पाच तोंडं पायजेत. पाचवं तं गेलं. वरीस होऊ द्या.' वर्षभर भाव कोण टिकवून ठेवणार, म्हणून अडत्या चिडतो. आणि मी, तुमच्या घोंगडीला खेटून बसलेला, दोनदा खाकरतो. 'बरं बाप्पा, द्या देऊन. मी काय... नाई म्हनून राहिलो?'

मस्करी होती हो. तोंडातून निघेपर्यंत नुसती मस्करीच होती. कोणीतरी हसेल, मला शिवी देईल आणि संपेल, असं वाटलं होतं. पण कोणी हसलं नाही. झांजवाल्याने, तुम्हीच बोललात असं समजून, घोंगडीला हात जोडले. अडत्याने सगळं पाहिलं आणि सोयीने तोंड फिरवलं. बाबांनी चेहरा तुमच्या मुंडाशाकडे वळवला, बराच वेळ तसाच धरला, आणि म्हणाले, 'तू म्हनतं तं हो.' अजूनही बोलता आलं असतं, वस्ताद. पेटीचं कुलूप निघेपर्यंत वेळ होता. मी शालूचा रंग कोणता असेल याचा विचार करत होतो.

शालू आला. एका दिवाळीला नेसलो. मग तिकडची लढाई संपली, भाव कोसळला, आणि अकोल्याचा व्यापारी पेढीला कुलूप लावून कुठे गेला ते त्याच्या घरच्यांनाही सांगता येईना. मी त्याच्या दारात दोन दिवस बसून परत आलो. बाबांची ज्वारी बंद झाली. शालू विकून काही महिने मी ती पोचवली. पुढे घरातून काढून द्यायचो, जमेल तेव्हा. न जमलेले महिने मला अजून दिसतात. बाबांची सून दारात यायची, काही विचारायची नाही, माझ्या रिकाम्या हातांकडे बघायची आणि आत जायची.

लोकांना राग काढायला कोणीतरी हवं होतं. मेलेल्या वस्तादाने येऊन ठेव बुडवली, ही बोलवा पार बाळापूरपर्यंत गेली. पंच बसले. दंडारीच्या नमनात तुमचं नाव घेतो, ते काढून टाकायचं. तुमच्या जागी आलेला नवा पंच हो म्हणाला, अडत्या हो म्हणाला, झांजवालाही. मीसुद्धा म्हणालो, माझ्या स्वतःच्या आवाजात, अगदी खणखणीत. उरले बाबा, ज्यांचं सगळ्यात जास्त गेलं होतं. 'नाई,' ते म्हणाले. 'त्याचं नाव राहीन.' पाच तोंडं भरली नाहीत, म्हणून तुमचं नाव आजही नमनात आहे.

त्यांना घरी सोडायला मीच गेलो. त्यांचा हात माझ्या खांद्यावर. तेल्याच्या घाण्यापाशी ते थांबले.

'एकदा बोल ना,' म्हणाले.

काय बोलू, मी विचारलं.

'त्याच्यावानी. त्या दिशी बोलला होता तसं. चाळीस वरसं त्याच्या मांगं ढोलकी वाजोली म्या. तो श्वास कुठं तोडते, मले समजत नाई का? तू एक मात्रा लवकर तोडला.'

मग काहून हो म्हणालात, मी विचारलं.

'लय दिवस झाले होते त्याचा आवाज कानावर पडून. खोटा तं खोटा. मले वाटलं, मी नाई म्हनलं तं तो पुन्हा गप होईन.'

मी दोनदा खाकरलो. 'बरं बाप्पा'पर्यंत पोचलो नाही. ते जरा वेळ कान देऊन उभे राहिले, मग चालायला लागले. त्याच पावसाळ्यात ते गेले.

त्यानंतर मी कोणाची नक्कल केलेली नाही. आता पंचांत सगळ्यात जुना मीच. काही अडलं की नवे पंच विचारतात, वस्ताद असते तर काय म्हणाले असते? मला ठाऊक नाही, असं मी सांगतो, आणि त्यांना तो माझा विनय वाटतो. हे पत्र उद्याच्या बैठकीत त्यांना वाचून दाखवायचं म्हणून लिहायला बसलो होतो. नाही दाखवणार, हे अर्ध्यातच कळलं. आणि एक सांगायचं राहिलं. तुमचा आवाज मला आठवत नाही, वस्ताद. आठवायला गेलो की त्या दुपारचा ऐकू येतो, एक मात्रा लवकर तुटणारा.