टाकीतले दगड परत होते तसे लावू नकोस

ताई,

तू आणलेल्या केशरी माशाची शेपटी फौजदाराने पुन्हा फाडली. दगड मी मुद्दाम विस्कटले होते, तो पसारा नव्हता! ओळखीची कपार सापडली नाही की हा आपला फौजदार, निळा डॅमसेल मासा, गोंधळतो आणि नव्या माशाला जागा मिळते. तू मात्र सगळं होतं तसं लावून ठेवलंस. कितीदा सांगू?

फौजदाराला जाळीच्या डब्यात कोंडलंय. मी लॅबमधून येईपर्यंत सोडू नकोस. तोवर बाह्या सरसावून त्या खाऱ्या पाण्यात हात घाल आणि दगड तुला हवे तसे लाव.

तुला घरी परत येऊन महिना झाला, तू या घरातली एक खुर्चीसुद्धा सरकवलेली नाहीस. तुझ्यासाठी मी कपाटाचे दोन कप्पे रिकामे केलेत. संध्याकाळी तुझी बॅग दाराशी दिसता कामा नये.

तुझं शेंडेफळ