धुण्याचा दगड

बुधवार, ९ तारीख

चि. ढब्बू हिस आजीचे पुष्कळ आशीर्वाद.

तुझी स्मरणशक्ती कुठल्या दुकानातून आणलीस गं? परत करून ये, बदलून देतील. तीस वर्षांची घोडी झालीस, आणि आजीला अक्षर ओळखता येत नाही हे विसरून वंशावळीच्या चौकोनांचा कागद पाठवतेस! वर म्हणे, भरून पाठव. चार दिवस तो मी खिडकीच्या फटीत कोंबला होता. वारा छान अडला.

हे पत्र दफनभूमीचा रखवालदार लिहितोय. मी बोलते, तो लिहितो. अक्षर सुंदर आहे असं त्याचंच म्हणणं. मला मुंग्यांची रांग काय नि अक्षरांची काय, सारखीच. माझं बरं आहे. गुडघे आपल्या मर्जीने चालतात. शेजारीण न्हाणीत पडली, पण जीभ शाबूत आहे.

तुला घराण्यातली माणसं हवीत ना, कोण कुठे पुरलंय ते? घे. आजोबा फाटकाजवळ, सिमेंटच्या कट्ट्यात. पणजी त्यांच्या डाव्या हाताला. जिवंतपणी तिने लेकाला नजरेआड होऊ दिलं नाही, आता तर काय! पणजोबा भिंतीला लागून. झाले तीन चौकोन.

आता नीट ऐक. इथून रस्ता जाणार आहे. पंचवीस तारखेला यंत्रं येतील. घरच्यांनी आपलं म्हणून सांगितलेल्या थडग्यावर रस्त्याचे साहेब लाल आकडा टाकतात, ती नव्या जागी हलवणार. बाकी सगळं सपाट. आपल्या तिघांवर आकडे पडले. मग म्हातारी एवढी जिवाच्या आकांताने का लिहिते, असं वाटेल तुला.

मला आणखी एक हलवायचंय.

रखवालदाराने कागदावरून पेन उचललं. लिही रे बाबा, थांबू नकोस.

तुझ्या कागदावर माझ्याखाली एकच चौकोन आहे, तुझ्या बापाचा. शेजारी दुसरा काढ. त्याच्या पाठची मुलगी. तीन वर्षांची होऊन गेली. नाव मी इथे सांगत नाही, बापाला विचार. एकावन्न वर्षांत आमच्यापैकी कुणी ते तोंडातून काढलेलं नाही.

तिला पुरायला नेलं तेव्हा मी तापाने बेशुद्ध होते. आजोबा आणि तुझा बाप, नऊ वर्षांचा, दोघेच गेले. मागून मी कुठे म्हणून विचारलं, तर आजोबांनी फाटकातूनच हात केला, "त्या पांढऱ्या दगडाकडे." त्या माणसाने एक गोष्ट दोनदा सांगितल्याचं कुणाला आठवत नाही. मी तो पांढरा दगडच धरला. एकावन्न वर्षं तिथलं गवत उपटलं, दगड घासला. वरच्या अक्षरांतून बोट फिरवायची, म्हणायची, हे तिचं नाव. कुणाला वाचून दाखव म्हणाले नाही. म्हणाले असते तर कोणाचं, हे आधी सांगावं लागलं असतं.

गेल्या महिन्यात साहेबांसमोर रखवालदाराने तो दगड वाचला. घड्याळं दुरुस्त करणारा, वय एक्याऐंशी. ढब्बे, जन्मभर मी एका परक्या घड्याळजीची सेवा केली गं! त्याच्या निम्मी तुझ्या आजोबांची केली असती तर ते अजून दहा वर्षं मला छळत बसले असते. रखवालदार हसला. मीही हसले. मग तिथेच खाली बसले, ते उठवेना.

दोन दिवस आम्ही सगळी जागा पालथी घातली. नोंदवही वाळवीने खाल्लेली. लहान मुलं अगदी मागे, काटेरी झुडपांत, नुसते मातीचे उंचवटे. मी एकेकावर हात ठेवत गेले, वेड्यासारखी "पोरी, पोरी" अशा हाका मारत. तू ओळखलं नसतंस आजीला. शेवटून तिसऱ्यावर एक चपटा दगड होता. "कोरा आहे आजी, पुढे चला," रखवालदार म्हणाला.

मी हात ठेवला. मधे खळगा, कडेला टवका उडालेला. लोखंडी बादली पडून तो टवका माझ्याच हातून गेला होता. आपल्या हौदाजवळचा धुण्याचा दगड, ढब्बे.

ती गेल्यावर आठवड्याभरात तो दगड घरून नाहीसा झाला होता. तुझ्या बापाचे तळहात सोललेले होते. दगड कुठंय विचारलं तर बोलेना. विकून खाल्लास म्हणून मी त्याला बदडलं. आणि पोराने तो दोरी बांधून इथवर ओढत आणला होता, बहिणीच्या उशाशी खूण म्हणून.

साहेबांना खळगा दाखवला. ते म्हणाले, "आजीबाई, यावर नाव नाही, वहीत नोंद नाही. पुरताना हजर होता असा माणूस आणा, सही करू दे." आजोबा काही सहीला उठायचे नाहीत. उरला तुझा बाप. तीन पत्रं पाठवली त्याला. तिन्ही न फोडता परत आली.

सुट्टीत तुला सोडायला यायचा आणि बसथांब्यावरूनच परत फिरायचा, आठवतं? नोकरीची घाई, असं मी तुला सांगायची. घाई कसली आलीय.

रखवालदारा, माझ्याकडे बघू नकोस. खाली बघ आणि लिही.

त्या सकाळी तो हौदाशी तिच्याजवळ बसला होता. मी घरातून सांगितलं, जा, दुकानातून पाव घेऊन ये. तो म्हणाला, "आई, ही दगडावर चढून आत वाकते." मी म्हटलं, "जा तू. मी बसते तिच्याजवळ." तो गेला. मी बसले नाही. शेजारीण भिंतीपलीकडून काहीतरी सांगत होती, मी हसत उभी राहिले. कशाला हसले ते आजतागायत आठवत नाही. तो पाव घेऊन आला, आणि आधी त्यानेच तिला पाण्यात पाहिलं.

संध्याकाळी आजोबांनी विचारलं, "पोरीजवळ कोण होतं?"

मी त्याच्याकडे बोट केलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. पट्ट्याचा मार खाल्ला, पण बोलला नाही. आजवर बोललेला नाही. पाव पोटाला सोसत नाही म्हणतो ना तो? त्याच्या पोटाला काही झालेलं नाही.

हे त्याच्या हातात देऊ नकोस, फाडून टाकेल. दार लावून घे आणि मोठ्याने वाचून दाखव, अडखळू नकोस. मला माफ कर म्हणून सांगत नाहीये मी. पंचवीसच्या आत येऊन एक सही कर म्हणावं, तिच्यासाठी. माझ्याशी बोलू नकोस म्हणावं, मी भिंतीकडे तोंड करून उभी राहते. हवं तर तेव्हा वडिलांना सांगितलं नाहीस ते आता साहेबांपुढे सांग, आईने बोट केलं होतं म्हणून. मी हो म्हणेन. पण ये. पोरीला रस्त्याखाली जाऊ देऊ नकोस.

तुझी आजी, आणि त्या दोघांची आई
(अंगठा)

ता. क. खायला काही पाठवणार असशील तर पाव पाठव, ताजा, साधा. पोस्टाने नको, बापाच्या हातून. म्हणावं, आईने मागवलाय. आणि म्हणावं, आई तिच्याजवळ बसलीय, तू येईपर्यंत उठणार नाही.