फोटोला हलव्याचा हार

३ जानेवारी

स्वप्नील येऊन गेला. टीमचा कॅप्टन म्हणून मिरवतो, बॅटिंगला उतरतो अकरावा. संक्रांतीला आमच्याच गच्चीवर टीमची पार्टी ठरवलीय म्हणे. सगळ्यांनी काळे कपडे, अंगावर हलव्याचे दागिने — पुरुषांनीसुद्धा. तिकिटांच्या पैशातून डिलिव्हरीवाल्यांच्या स्कूटरना मांजा अडवणारी तार बसवायची.

"आणि तू माइकवर दोन शब्द बोलायचे, शुभ्या. तुझ्यामुळेच तर सुचलं."

मी फोनवर टाइप करून दाखवलं — नाही.

"अरे, दोनच शब्द!"

"चालता हो" हेसुद्धा दोनच शब्द आहेत. तेवढेही बोललो नाही.

४ जानेवारी

दिवसभर तेच डोक्यात.

गेल्या संक्रांतीला स्कूटरवरून येताना मांजा गळ्यात आला. टाके पडले, वाचलो. डॉक्टर म्हणतात, घशाची जखम भरलीय, आवाज खरखरीत राहील, पण बोलत राहा. बोललो की! एकदाच. हॉस्पिटलातून टाक्यांसकट घरी आलो आणि वैष्णवीला हाक मारली. चार वर्षांची पोर. पाय आपटून रडायला लागली — "बाबा, बोलू नको! बोलू नको!" आईच्या, कस्तुरीच्या, मागे जाऊन लपली.

तेव्हापासून माझं तोंड बंद. मी विकेटकीपर. स्टंपांमागे अख्खी मॅच माझी टकळी चालायची. अंपायर वैतागायचे, "भाईसाब, थोड़ा चुप." घ्या. झालो चुप.

ज्या आवाजाला माझी पोर घाबरते, तो माइकवर ऐकवू? मरण परवडलं.

७ जानेवारी

कस्तुरीशी भांडण. म्हणजे ती बोलणार, मी टाइप करणार. माझं एक वाक्य होईपर्यंत ती पुढच्या मुद्द्यावर. असं भांडण कोण जिंकणार?

"घशाला काही झालेलं नाही तुझ्या. हट्ट आहे नुसता. पोरगी शाळेत सांगते, माझे बाबा हातांनी बोलतात."

ही बोलता बोलता रडायला लागली. मी उठून आत गेलो. जवळ जायला हवं होतं. वाईट वाटतंय.

९ जानेवारी

पोस्टर आलं. वर माझा फोटो, खाली, इथल्या लोकांना कळावं म्हणून, हिंदीत — "शुभंकर के नाम एक शाम. काले कपड़े पहनकर आएँ." स्वप्नीलच्या बायकोने, संपदाने, फोटोला हलव्याचा पांढराशुभ्र हार घातलाय. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सासूबाईंनी मला घातला होता, अगदी तसा. ग्रुपवर सगळे खूश. खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं.

घरमालकीण सुमनजींनी मात्र पोस्टर दोनदा वाचलं. "काला? त्योहार पर?"

"आमच्यात घालतात, आंटी," कस्तुरी म्हणाली. त्यांना काही ते पटलेलं दिसलं नाही.

१२ जानेवारी

स्वप्नीलने तोडगा काढला. वाढदिवसाला भाड्याने मिळतो तो अस्वलाचा पोशाख. "काळं पाहिजे ना? अस्वल काळंच असतं. मुंडकं घालून उभा राहा. कोणी बोलायला सांगणार नाही."

लेकाचं डोकं कधी कधी चालतं. हो म्हटलं. वैष्णवीला सांगायचं नाही, तिला गंमत.

१३ जानेवारी

पोशाख आला. वैष्णवीला दिसू नये म्हणून तीनदा जागा बदलली. फायनलच्या आदल्या दिवशीही एवढी धावपळ केली नव्हती.

१४ जानेवारी

रात्री लिहितोय.

दुपारपासून अस्वल. आमच्या सगळ्या जगतपुऱ्याच्या गच्च्यांवरून, पतंग कापला की "वो काटा!" चाललेलं, आणि प्रत्येक आरोळीला माझी मान आखडत होती. आमची टीम काळ्या कपड्यांत, डोक्यावर हलव्याचे मुकुट. कस्तुरी खाली तिळगूळ आणायला गेलेली.

तेवढ्यात सुमनजींच्या मोठ्या जाऊबाई जिना चढून आल्या. चौमूं गावाहून. दुखवट्याला घेतात तशी फिकी ओढणी, मागे आणखी चार बायका, सगळ्यांचे चेहरे उतरलेले. पोस्टर फिरत फिरत तिकडे पोचलं होतं! फोटोला पांढरा हार, "के नाम एक शाम", आणि इथे गच्चीभर काळे कपडे. बाईंनी सरळ वैष्णवीला पोटाशी धरलं. "हिम्मत रख, बिटिया. पापा भगवान के पास हैं."

सुमनजी "नहीं जीजी, नहीं" करत धावल्या. पण पोरीने ऐकलं ते ऐकलंच. दुपारपासून मी तिला दिसलोच नव्हतो. सुटून सगळ्या गच्चीभर पळत सुटली — "बाबा कुठाय? बाबा?" माझ्यापाशी आली, पायाचे केस धरून हलवायला लागली. "भालू, माझे बाबा पाहिलेस?"

मुंडक्याची चेन पाठीमागे. हातांत ते जाड पंजे. ओढतोय, निघत नाही. हातवारे केले, तर भालू नाचतोय म्हणून लोक टाळ्या वाजवायला लागले. पोर हुंदके देत जिन्याकडे वळली.

"वैशू, मी इथेय."

पत्रा घासल्यासारखा आवाज. मुंडक्याच्या आत तर आणखीच वाईट. ती जागच्या जागी थांबली. मला वाटलं, आता किंचाळणार. परत आली. अस्वलाच्या पोटाला कान लावला.

"परत बोल."

परत बोललो. किती वेळ बोलत होतो, काय बोलत होतो, आठवत नाही. आत रडत होतो, ते कोणाला दिसलं नाही ते बरं. जाऊबाईंनी कपाळाला हात लावला आणि जाताना तिळगूळ मात्र मागून नेला.

१५ जानेवारी

सकाळी वैशूची वेणी घालताना विचारलं. तोंडाने विचारलं. "माझ्या आवाजाची भीती नाही वाटली?"

"आवाजाची कशाला?"

"मग तेव्हा बोलू नको का म्हणालीस?"

"तुझ्या गळ्यातून काळा दोरा बाहेर आला होता ना. मला वाटलं, मांजा अजून आत आहे. बोललास की ओढला जाईल." मग माझी हनुवटी वर करून नीट बघितलं. "सगळा निघाला ना आता?"