दीनाला कोण सांगणार

बिबवेवाडी, पुणे
सोमवार, १८ नोव्हेंबर २०१९

प्रिय हेमा,

सलाम. तू आणि घरची मंडळी बरी असाल. नागपूरला थंडी पडली असेल, इथे अजून पंखा लागतो. फोनच करणार होतो, पण फोनवर मला सहज खोटं बोलता येतं. म्हणून कागद घेतला.

आपला 'शटर' बँड अजून चालू आहे. ऐंशी सालापासून तसाच, दर रविवारी, तुझ्या भावाच्या, दीनाच्या गॅरेजमध्ये. गाडी बाहेर उन्हात, आम्ही आत. युसूफचे गुडघे गेलेत, तरी ड्रमवर बसला की उठवावं लागतं. समोरचे आप्पासाहेब अजून दुपारी येऊन विचारतात, "आज संपवताय, की आम्हीच घर बदलू?"

दीनाचा नियम तुला आठवत असेल. मागच्या मशिदीत अजान सुरू झाली की गाणं असेल तिथे थांबायचं आणि नंतर त्याच शब्दापासून उचलायचं. मी आणि युसूफनं कधी मागितलं नव्हतं, त्यानंच सुरू केलं. या पावसाळ्यात एका रविवारी अजान झाली, आम्ही दोघं थांबलो, आणि दीना वाजवत राहिला. डोळे मिटून, अजान संपेपर्यंत. युसूफनं काड्या मांडीवर ठेवल्या आणि माझ्याकडे बघितलं.

त्याला ऐकू येत नाही, हेमा. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणतो, "तुम्हीच पुटपुटता." गिटार इतकी बेसूर असते की ऐकवत नाही. म्हणून तो खाली यायच्या आधी मी त्याच्या ॲम्पचा आवाज बंद करून ठेवतो. तो मन लावून वाजवतो, आम्ही माना डोलावतो. घामाघूम होऊन म्हणतो, "आज जमलं बरं का." मला रडू येतं.

हे असंच चाललं असतं. पण लोणी काळभोरच्या एका कॉलेजनं डिसेंबरात आपल्याला बोलावलंय, पुण्यातला जुना बँड म्हणून. दीनानं कुणाला न विचारता हो म्हटलं. तिथे आवाज दुसऱ्याच्या हातात असणार. पोरं हसतील, मोबाईलवर घेतील आणि ते गावभर फिरेल.

परवा सांगायला म्हणूनच गेलो होतो. त्यानं कार्यक्रमासाठी आणलेलं शर्टाचं कापड दाखवलं. मी चहा पिऊन परत आलो. युसूफ म्हणतो, "तू सांग, जिवलग तुझा." मी म्हणतो, तू सांग.

अकरा वर्षांपूर्वी तू एवढंच म्हणालीस, "दादा, तुझी गिटार उतरलीये." तेव्हापासून त्यानं तुझ्याशी बोलणं टाकलं, भाऊबीजेलाही आला नाही. आणि आता मी कुणाकडे काय मागतोय, ते मला कळतं. लाजही वाटते. पण माझी सकीना गेली, मुलगा दुबईला. रविवार सोडला तर माझ्याकडे काही उरलेलं नाही.

तू ये आणि त्याला सांग. तुझ्याशी तो आधीच बोलत नाही. माझ्याशी अजून बोलतो.

तुझ्या भावाचा मित्र,
शकील