मिस्ड कॉल द्या, आम्ही फोन करू

६ जानेवारी, सोमवार
नवीन वर्ष, नवीन डायरी, नवीन प्रोजेक्ट. हिंगण्याच्या कारखान्यांमागे चाळीसारख्या खोल्या आहेत. तिथे छत्तीसगड, बालाघाटकडून कामाला आलेल्या बायका राहतात. त्यांना मोबाईलवरून कॅन्सरबद्दल जागं करायचं. संस्थेने कोऑर्डिनेटर म्हणून मला नेमलं. दुसरं कोण होतं म्हणा.
बायका ३१२. आठवड्यातून दोन व्हॉइस मेसेज, हिंदीतून. शेवटची ओळ मी स्वतः लिहिली. छातीत गाठ लागली तर या नंबरवर मिस्ड कॉल द्या. आम्ही फोन करू, कुठे यायचं ते सांगू. तोपर्यंत घाबरू नका.
'घाबरू नका' हे विशेष जमलं आहे.
संकल्प: रोज डायरी. चहा दोनच.

८ जानेवारी
रेकॉर्डिंग उरकलं. आवाज माझा. आमच्या फील्ड वर्कर कांताबाई, कामठीच्या, वीस वर्षं वस्त्यांतून फिरलेल्या. त्यांचं मत पडलं की सर, बाईच्या दुखण्याचं बाईनंच सांगा लागते. मी त्यांना सांगितलं की कॉलेजच्या गॅदरिंगचं निवेदन सलग तीन वर्षं मीच केलं होतं. त्या पिशवी उचलून वस्तीवर निघाल्या. पटलं असावं.
मिस्ड कॉलसाठी जुना हँडसेट मिळाला. माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला, चार्जरसकट. आवाज बंद, नुसतं व्हायब्रेशन. किल्ली माझ्याकडे.

१४ जानेवारी
मेसेज जाऊन पाच दिवस. मिस्ड कॉल अकरा. मी ऑफिसभर तिळगूळ वाटला.
कांताबाईंनी विचारलं, अन् त्यायले फोन कोण करून राहिलं सर? मी शांतपणे सांगितलं की फोन करणं फेज टूमध्ये आहे, एप्रिलपासून. फेज वनमध्ये फक्त मोजायचं. त्या म्हणाल्या, पण आपण तं सांगितलं का आम्ही करू म्हणून. मी म्हटलं, करूच ना. कधी करू असं कुठे म्हटलंय?

२० जानेवारी
४१७ ने शेवट होणारा एक नंबर रोज येतो. दुपारी बरोबर एक दहाला. एकदा वाजतो, कटतो. यादीत नाव पाहिलं. प्रेमिला उईके, बालाघाटची, वय ३६, मसाला पॅकिंगमध्ये. एक दहाला त्यांची जेवणाची सुट्टी होत असणार. जेवण सोडून ही बाई आधी आपल्याला मिस्ड कॉल देते. इतकी मन लावून भाग घेणारी बाई मी पाहिली नाही.
चहा तीन. थंडी आहे.

२७ जानेवारी
४१७ आता दोनदा. एक दहा आणि संध्याकाळी साडेसहा. ड्रॉवर थरथरतो, वरचे पेन सरकतात. मी डबा उघडतो तेव्हाच नेमका. सवय होईल.
पुण्याच्या मुख्य ऑफिसातल्या भैरवी मॅडमना ग्राफ पाठवला. त्यांचा लगेच अंगठा आला.

४ फेब्रुवारी, मंगळवार
जागतिक कर्करोग दिन. शंभरेक लोक. माझं भाषण चढत गेलं. हँडसेटचा आवाज आज चालू ठेवला होता. मी तो उंच धरून सांगत होतो की हा नुसता फोन नाही, हा विश्वास आहे. आणि तेवढ्यात तो हातात वाजायला लागला. घड्याळात एक दहा. टाळ्या पडल्या. असं ठरवूनही जमत नाही.
आज मात्र तो कटला नाही. वाजतच राहिला. पुढच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, उचला ना गा. मी हसून समजावलं की उचलला तर तो मिस्ड कॉल राहत नाही, मोजणी बिघडते. लोक हसले. मग तो थांबला.
कांताबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. हात दुखत असेल.

११ फेब्रुवारी
कांताबाई नंबर मागायला आल्या. म्हणाल्या, सर, तिचा नंबर नाही तं खोली तरी सांगा, मी पायानं जातो, तुमच्या गाडीचं पेट्रोल बी नाही लागत. मी म्हटलं, गोपनीयता. त्या म्हणाल्या, एकच बाई रोज रोज फोन काहून करून राहिली, तुमाले नाही वाटत का काही?
वाटतं. अभिमान वाटतो. पण फील्डच्या लोकांना हे सांगून उपयोग नाही. गोपनीयतेवर एक ट्रेनिंग घ्यायचं ठरवलं आहे.

१८ फेब्रुवारी
४१७ कमी झाला. काल नाही, परवा एकदाच, तोही संध्याकाळी. बाकी नंबर केव्हाच थांबले. मेसेज सगळ्यांपर्यंत पोचला, अजून काय पाहिजे.
डबा उघडला तर खायची इच्छा होईना. ॲसिडिटी. चहा पाच.

२२ फेब्रुवारी
आज चौथा दिवस. काहीच नाही. एक दहाला मी ड्रॉवर उघडून पाहिला. हँडसेट चालू होता, चार्ज होता, रेंजही होती.
म्हणजे तिची शंका मिटली. हाच तो इम्पॅक्ट. रिपोर्टमध्ये तसंच लिहिलं.
मग काय वाटलं कोण जाणे, एक वीसला परत उघडून पाहिला.

३ मार्च
महिला दिनाला सर्वोत्तम सहभागी महिलेचा सत्कार. कल्पना माझी. ४१७, एकूण ५८ मिस्ड कॉल, दुसऱ्या नंबरच्या बाईचे चार. शाल, श्रीफळ, स्टीलचा डबा. डब्यावर संस्थेचं नाव कोरून घेतलं. घरी जाऊन द्यायचा, फोटो चांगला येतो. कांताबाई न बोलावता तयार झाल्या.

८ मार्च, शनिवार
खोली सापडली. कुलूप होतं. शेजारच्या खोलीतून तिची जाऊ आली. मी नमस्कार करून बोलायला लागलो, तर ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, आवाज तो आप ही का है. फोन वाले साहब.
बरं वाटलं. क्षणभरच.
तिने खुर्ची दिली, पाणी दिलं. रागावली असती तर निदान मी काही बोललो असतो. ती सावकाश सांगत होती. जानेवारीत गाठ बोराएवढी होती. नवरा दोनदा मेडिकलला, मोठ्या सरकारी दवाखान्यात, न्यायला निघाला. प्रेमिला म्हणाली, साहब बोले हैं कि फोन आएगा, किधर जाना है वो बताएँगे. उगाच इकडेतिकडे फिरून रोजी कशाला बुडवायची. कामावर फोन आत नेऊ देत नाहीत, म्हणून सुट्टीत फाटकाबाहेर उभी राहून लावायची. साहेबांकडे बायका फार असतील, आपला नंबर लागेल, असं म्हणायची. डर क्यों रही है, साहब बोले हैं ना घबराओ मत, असं जावेलाच समजावायची. मग पाठ धरली. मग उठता येईना. शिवरात्रीला गाडीत झोपवून गावी नेली.
मी विचारलं, आता कशी आहे. ती म्हणाली, परसों से उधर का कुछ पता नहीं. फोन प्रेमिलाकडेच आहे. उशाशी. आप का आएगा बोलके.
कांताबाई शाल-श्रीफळ धरून उभ्या होत्या. फोटो काढला नाही. डबा मी परत आणला.

९ मार्च
दिवसभर घरी. फेज टू एप्रिलमध्येच होता, तो मी ठरवलेला नाही. माझं काम मोजण्याचं होतं. मोजणी बरोबर आहे. ३१२ पैकी कोणी ना कोणी आजारी असणारच होतं, प्रोजेक्ट नसता तरी.
प्रोजेक्ट नसता तर ती जानेवारीतच मेडिकलला गेली असती.
हे वाक्य खोडायचं आहे. उद्या.

१० मार्च, दुपारी १.१०
ड्रॉवर उघडला. कांताबाई समोर उभ्या होत्या. ४१७ ला फोन लावला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं.
पूर्ण वाजला. कोणी उचलला नाही. परत लावला. परत तसंच.
तिकडे आता माझे दोन मिस्ड कॉल दिसत असतील.
मी कांताबाईंना विचारलं, आता काय करायचं. त्या खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, आता काय सर, वाट पाहा. करतीन ते फोन.