गुडघाभर पाण्याची जमीन

आई, आठवतं का तुला? बाबांनी कर्जतच्या बाजूला नदीकाठची ती जागा पाहिली, त्याला पन्नासेक वर्षं झाली असतील. मे महिना, नदी आटलेली, आणि एजंट सारखा म्हणतोय, इथे पाणी चढतच नाही. तू शेजारच्या घरात प्यायला पाणी मागतेस आणि पिता पिता दाराच्या मागे डोकावतेस. घर नुकतंच रंगवलेलं, पण दाराच्या मागे कोण रंगवतं? तिथे गाळाची रेघ होती, माझ्या खांद्याएवढी. मी तेव्हा आठ वर्षांची. बाहेर येऊन एजंटच्या देखत तू बाबांना म्हणालीस, “उन्हाळ्यात जमीन दाखवणाऱ्याकडून जमीन घेऊ नये.” विषय संपला.

पुढे बाबा घाटकोपरच्या खोलीबाहेर गॅलरीत तेलाच्या डब्यांत मिरच्या लावत राहिले. डबे आठ आणि मिरच्या दहा. खरं सांगू? मी तुझ्यावर फार चिडून होते. एका रेघेपायी माणसाची हौस मारलीस, असं कॉलेजात असताना तुला तोंडावर म्हटलं, तर तू लाटणं हातात घेऊनच वळलीस. “खोली विकून घेणार होते ते. बुडालो असतो तर तुला घेऊन कुठे गेले असते मी?” तेव्हा सगळं शहाणपण माझ्याचकडे होतं, त्यामुळे पटलं नाही.

आता माझ्या नवऱ्याला तेच खूळ. रिटायर झाल्यापासून जमीन, जमीन. जावई कुणाचा! एप्रिलमध्ये त्याच नदीकाठी, जरा चढावरची जागा पाहायला गेलो. मी शेजारणीकडे पाणी मागितलं आणि दार ओढून मागे पाहिलं. गुडघ्याएवढी रेघ. शेजारीण हसली. म्हणाली, “ताई, सरळ विचारा की. गुडघाभर येतं, दोन दिवस राहतं. सामान वर चढवतो. नंतर वांगी मात्र झकास येतात.” इतकं खरं बोलणारं माणूस आमच्या मुलुंडच्या सोसायटीत एक सापडायचं नाही.

पंधरा दिवस आम्ही घरात भांडलो. आज गुडघाभर, उद्या कंबरभर आलं तर? नदी काय लिहून देते? यांचं एकच, येऊ दे, आपल्याला तिथे राहायचंय कुठे, वाफेच तर करायचेत. शेवटी ठरलं की तिथे घर बांधायचं नाही, अवजारांपुरती उंच जोत्यावर शेड घालायची, आणि काही झालं तरी मुलुंडचा चौथा मजला सोडायचा नाही. बुडाली तर वांगी बुडतील. जमिनीत घातलेले पैसेही जातील, ते गेलेच असं धरलंय. तुझ्यामागे असा चौथा मजला नव्हता गं. हे कळायला मला इतकी वर्षं लागली.

रविवारी यांनी तिथली पहिली काकडी आणली. वाकडी आणि कडू. दोघांनी मीठ लावून अख्खी संपवली, आणि मला बाबांची इतकी आठवण आली की रडायलाच आलं. पण सुखात आहे मी, आई. हे पत्र पोस्टात थोडंच पडणार आहे, म्हणून सांगून टाकते. तू असतीस ना, तरी खरेदीखतावर सह्या झाल्यावरच तुला कळवलं असतं.